तोळाभर शिसे

बंदुकीच्या गोळीचे वजन किती असावे, या विषयावर मी लिहीन असे कुणी दहा वर्षांपूर्वी सांगितले असते, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवले असते. उभा जन्म मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेला. संधी-समास, पानिपत, निबंधाच्या वह्या. गोळी म्हणजे रक्तदाबाची, सकाळी एक आणि रात्री अर्धी!

पण झाले असे, की आमच्या धाकट्या बहिणीचा नातू अमेरिकेत कोलोरॅडोत असतो. त्याने यंदा हरणाच्या शिकारीचा परवाना काढला. तिथे तो रीतसर मिळतो. आणि घरातल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याने सरळ विचारले, "बंदूक इनलाइन मझलोडर आहे, पन्नास कॅलिबरची. गोळी २५० ग्रेनची घेऊ की ३५० ची? कुणाला काही माहिती आहे का?" पोर भाबडे आहे. पुढचे तीन दिवस त्या गटावर जे काही चालले ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलेच आहे. कुणी अहिंसा काढली, कुणी संस्कार काढले, कुणी सलमान खान काढला. एका मेहुण्यांनी सूर्योदयाचे चित्र टाकून विषय मिटवायचा प्रयत्न केला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकानेही दिले नाही.

मला तो प्रश्न चांगला वाटला. मारणे बरोबर की चूक, यावर बोलायला आपण सगळे तयार असतो. मारायचेच ठरले, तर जनावर एका गोळीत जाईल की चार दिवस कुथत मरेल, हे त्या गोळीच्या वजनावर बरेचसे ठरते, आणि ते कुणी विचारत नाही. त्या पोराने विचारले. म्हणून हा लेख. आणि खरे सांगायचे तर तो अमेरिकेबद्दल कमी, आपल्या कोकणाबद्दल जास्त आहे.

आधी मझलोडर म्हणजे काय ते सांगते. आपली ठासणीची बंदूक! दुसरे काही नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चोथा किंवा चिंधी, मग गोळी किंवा छर्रे, आणि लांब गजाने ठासायचे. ही बंदूक आपल्या भाषेत इतकी मुरली आहे की आपल्याला ती दिसत नाही. आपण एखादी गोष्ट "ठासून" सांगतो, कुणाचा "बार फुसका" निघतो. बार फुसका निघतो, कारण जुन्या बंदुकीत ठिणगी एका बाजूला पडते आणि तिथून बारीक भोकातून वळण घेत दारूपर्यंत जाते. पावसाळी हवेत दारू दमट झाली, भोक बुजले, की नुसता फुस्स आवाज. इनलाइन बंदुकीत ही ठिणगी दारूच्या बरोब्बर मागून, सरळ रेषेत येते. म्हणून इनलाइन. १९८५ मध्ये मिसूरी राज्यातल्या टोनी नाइट नावाच्या बंदूक-कारागिराने एमके-८५ ही अशी बंदूक काढली आणि ती तिकडे लोकप्रिय झाली. शिवाय तिच्या नळीला आतून आटे असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि नाकासमोर राहते. आपल्या कोकणातल्या बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत. बाकी कारभार तोच. तोंडातून भरायचे, आणि एकच बार. दुसरा बार भरेपर्यंत जनावर दोन डोंगर ओलांडते.

आता वजन. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, इंग्रजांचे जुने माप. ७,००० ग्रेनचा एक पौंड. हे वाचल्यावर मला आमच्या लहानपणची कोष्टके आठवली. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. आणि इंग्रज सरकारने १८३३ मध्ये तोळ्याचे वजन ठरवले ते नेमके १८० ग्रेन! म्हणजे मापाला माप जुळले. पन्नास कॅलिबरच्या बंदुकीत बसणारी शिशाची गोल गोळी साधारण १७७ ग्रेनची भरते, म्हणजे जवळजवळ तोळाभर. माझ्या नातवाने मला कोलोरॅडोच्या शिकार खात्याचा नियम पाठवला. ४० ते ५० कॅलिबरच्या ठासणीच्या बंदुकीची गोळी कमीत कमी १७० ग्रेनची हवी, त्याहून मोठ्या नळीची २१० ग्रेनची. म्हणजे ते सरकार शिकाऱ्याला सांगते, बाबा रे, हरणावर बार टाकायचा तर निदान तोळाभर शिसे तरी टाक. त्याखाली चालणार नाही.

तोळ्याचा हिशेब मला नवा नाही. आमचे आजोळ कुडाळ तालुक्यातले. त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्हा व्हायचा होता, सगळे रत्नागिरीतच होते. मामांकडे केपाची बंदूक होती, परवान्याची. पावसाळा संपला की मामा मासेमारीच्या जुन्या जाळ्यांची शिसे गोळा करून लोखंडी पळीत वितळवायचे, ती साच्यात ओतायचे आणि गार झालेल्या गोळ्या फडक्यात बांधून सोनाराकडे न्यायचे. आम्हा मुलांना याचे फार हसू यायचे. मामी म्हणायची, माझ्या बांगड्या एवढ्या वेळा काट्यावर गेल्या नाहीत. पण त्यात शहाणपण होते. ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला की गोळी वरून दिसायला गोल असते, पण काट्यावर हलकी भरते. पोटात पोकळी असलेली गोळी सरळ जात नाही. मामा ती पुन्हा पळीत टाकायचे. डुकराला आणि सांबराला एकच गोळी. छर्रे फक्त सशाला आणि रानकोंबड्याला. हा त्यांचा नियम मी इतक्यांदा ऐकला आहे की पाढ्यांसारखा पाठ आहे.

या नियमामागचे गणित मला खूप उशिरा कळले, तेही आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना फोन करून. गोल गोळीचा व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होते. म्हणून नळी थोडी मोठी झाली तरी शिसे एकदम वाढते. "१२ बोअर" हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्याचा अर्थही यातच आहे. ज्या नळीत एका पौंडाच्या बारा गोळ्यांपैकी एक बरोबर बसते, ती १२ बोअर. म्हणजे गोळी ५८३ ग्रेनची, सव्वातीन तोळ्यांची. आणि त्याच नळीत बारीक छर्रे भरले, तर एकूण शिसे तेवढेच असेल, पण एकेक छर्रा दोन-चार गुंजांचा. चाळीस पावलांवर डुकराच्या जाड कातडीत तो शिरतो आणि तिथेच थांबतो. काळजापर्यंत पोचत नाही. नर डुकराच्या खांद्यावर तर चिवट कातडीची ढालच असते. जनावर मरत नाही, जखमी होऊन पळते.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. २५० ग्रेन म्हणजे १६.२ ग्रॅम, ३५० ग्रेन म्हणजे २२.७ ग्रॅम. दारू तेवढीच घातली तर हलकी गोळी जोरात सुटते, जड गोळी सावकाश. उदाहरणापुरते धरा, हलकी सेकंदाला ५१५ मीटर आणि जड ४३५ मीटर. गणिताच्या बाईंनी फोनवरच हिशेब केला. दोन्हींची ऊर्जा जवळजवळ सारखी, २,१५० ज्यूलच्या आसपास. पण वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग, जड गोळीचा सुमारे अठरा टक्क्यांनी जास्त. बाई म्हणाल्या, "भिंतीवर टेबलटेनिसचा चेंडू कितीही जोरात मारा, आणि क्रिकेटचा चेंडू नुसता टाका." उपमा शास्त्राला धरून आहे की नाही ते त्यांचे त्यांना ठाऊक, पण मला समजली. हलक्या गोळीचा फायदा लांबच्या नेमाला. ती कमी खाली पडते. पण त्याच्या त्या हंगामात भिंगाची दुर्बीण बंदुकीला लावता येत नाही. उघड्या डोळ्यांनी, नळीवरच्या माशीने नेम धरायचा. मग शंभर याडांच्या पलीकडे बार टाकायचाच कशाला? आणि शंभर याडांच्या आत गोळी दोन बोटे वर की खाली याला महत्त्व नाही. ती खांद्यामागून शिरून काळीज-फुप्फुसापर्यंत पोचली पाहिजे, याला महत्त्व आहे. मी त्याला कळवले, जड घे आणि जवळ जा. जवळ जाता आले नाही तर परत ये. तो म्हणाला, मावशीआजी, दुकानदारही हेच म्हणाला, फक्त त्याने जास्त वेळ घेतला.

आता मुद्द्यावर येते.

माझा भाचा आजही त्या गावात भात आणि काजू करतो. गेल्या दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. "आत्या, भात गेला सगळा. डुकरांनी दोन रातीत लोळवल्यानी." भाताला दाणा भरला की डुकरांचे कळप उतरतात. खातात थोडे, लोळवतात जास्त. लोळलेले भात कापता येत नाही, चिखलात कुजते. वानर आणि गवे आहेतच, दोडामार्गाकडे हत्तीसुद्धा आहेत. पुण्यात बसून "निसर्गाशी सहजीवन" म्हणणे सोपे आहे. आमच्या सोसायटीत पारव्यांनी बाल्कनी घाण केली तर चार मजल्यांना जाळ्या बसल्या!

त्याच फोनवर त्याने दुसरेही सांगितले. व्हाळाच्या काठी वास यायला लागला म्हणून पोरे बघायला गेली, तर एक मोठी डुकरीण. मरून फार तर एक दिवस झाला असेल, पण पोटातली जखम त्याच्या आधीची, सडलेली, किड्यांनी भरलेली. पोटात छर्रे. चार-पाच दिवस ती पाण्याजवळ पडून असावी. कुणी बार टाकला, परवानगी होती का, हे गावात कुणी बोलत नाही आणि मीही विचारले नाही. भाच्याच्या घरीही शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, मामांचीच. तो ती चालवत नाही. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि संपली की आणायची, एवढाच तिचा प्रवास. मात्र निवडणूक बरोबर भाताच्या दिवसांत येते असे त्याचे म्हणणे. विधानसभेची २०२४ ची निवडणूक नोव्हेंबरात झाली, तेव्हा त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही.

हे सगळे कायद्यात कसे बसते, ते मी नेटवर बसून वाचले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा शिकार एकदम बंद झाली नव्हती. काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळत. आणि त्या मूळ कायद्याच्या १७ व्या कलमात एक वाक्य होते, ते वाचून मला मामाच आठवले. मोठ्या शिकारीतल्या प्राण्यांवर रायफलीशिवाय बार टाकू नये. आणि छर्ऱ्याची बंदूक वापरायची तर परवान्यात तशी खास मुभा हवी, तीही एकच गोळी असलेल्या काडतुसाची. म्हणजे कोकणातल्या एका बंदूकवाल्याचा नियम आणि संसदेचा नियम एकच होता. छर्रे नाहीत. एक गोळी.

१९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार संपली. चांगलेच झाले. सांबर, चितळ, भेकर यांची आज आपल्याकडे शिकार करणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे, यावर माझे दुमत नाही. पण परवाने गेले, त्याबरोबर ते १७ वे कलमही गेले. शिकारच नाही, तर गोळीचा नियम कशाला? तर्काला धरून होते.

पुढे मात्र मारणे परत आले. पिकाला किंवा माणसाला धोका असेल तर प्राणी मारायला लेखी परवानगी देण्याची सोय ११ व्या कलमात आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी ही परवानगी मिळण्याची वाट सोपी केली. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबत हा अधिकार थेट ग्रामपंचायतींच्या प्रमुखांपर्यंत नेला. शेतकऱ्याच्या जागी उभे राहिले तर यात चूक म्हणता येत नाही. पण ते ११ वे कलम काढून वाचा. कोणता प्राणी, कोणत्या कारणाने, कोणाच्या सहीने, हे सगळे आहे. कशाने मारायचे याबद्दल एक अक्षर नाही. मारणे मागच्या दाराने परत आले. गोळीचा नियम तेवढा दारातच राहिला.

२०१६ च्या जूनमध्ये यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांची जुंपली होती, आठवत असेल. मेनका गांधी एका बाजूला आणि आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर दुसऱ्या बाजूला. बिहारमध्ये नीलगायी मारल्या गेल्या, त्यावरून. मी तेव्हा रोज वर्तमानपत्र वाचत होते. मारावे की मारू नये यावर रकानेच्या रकाने. मारताना जनावराचे काय होते, यावर निदान मला तरी काही वाचायला मिळाले नाही. आणि मग २०१९ मध्ये त्याच बिहारच्या वैशाली जिल्ह्यातली ती चित्रफीत आली. गोळी लागलेली, पण जिवंत नीलगाय जेसीबीने खड्ड्यात ढकलून वर माती लोटली होती. मी ती पूर्ण पाहू शकले नाही. लोक जेसीबीवाल्यावर चिडले, आणि ते बरोबरच. पण ती नीलगाय खड्ड्यापाशी जिवंत का पोचली?

शेवटी माणसेही यात मरतात. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांनी आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली. तो गेला, आणि भीतीने त्याचा देह जंगलात लपवण्यात आला. ती चोरटी शिकार होती, परवानगीची नव्हे. पण रात्र, झुडूप, हलणारी सावली आणि नेम शिकवलेला नाही, हे चित्र परवानगीच्या शेतातही तेच असते. ज्यांच्याकडे बंदूक नाही ते आणखी वाईट मार्ग धरतात. कुंपणात विजेचा प्रवाह सोडतात, आमिषात गावठी बॉम्ब ठेवतात. विदर्भात डुकरांसाठी सोडलेल्या विजेने वाघ मेले आहेत, आणि माणसेही.

इंग्लंडचे उदाहरण देते, कारण तिथला नियम अगदी आपल्याच भाच्यासाठी लिहिल्यासारखा आहे. त्यांचा १९९१ चा हरिण कायदा. आमचा परवान्याचा जमाना १९९१ ला संपला, त्यांचा हा कायदा त्याच वर्षीचा, हा योगायोग मजेदार आहे. तिथे हरणावर गुळगुळीत नळीची बंदूक चालवायला बंदी. अपवाद कुणाला, तर ज्याच्या पिकाचे नुकसान चालले आहे त्या शेतकऱ्याला. पण त्यालाही मोकळीक नाही. बंदूक १२ बोअरपेक्षा लहान नको. आत एकच गोळी असेल तर ती गोल नको आणि २२.६८ ग्रॅमपेक्षा हलकी नको. छर्रे असतील तर प्रत्येक छर्रा ५.१६ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. २२.६८ ग्रॅम म्हणजे नेमके ३५० ग्रेन, जवळजवळ दोन तोळे! आपल्या भेकराची एक चुलत जात, चीनमधली, तिथे बागांतून सुटून रानोमाळ झाली आहे. त्या बकरीपेक्षा लहान जनावरासाठीसुद्धा त्यांनी रायफलीच्या गोळीचे किमान वजन कायद्यात लिहिले आहे, ५० ग्रेन. स्कॉटलंडमध्ये मोठ्या हरणांसाठी १०० ग्रेनची अट होती. ती २०२३ मध्ये ८० वर आणली. कारणही वाचण्यासारखे आहे. शिसे विषारी, म्हणून तांब्याच्या गोळ्या वापराव्यात असे तिथे वारे आहे, आणि तांबे शिशाहून हलके. कॅलिफोर्नियाने तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्णच बंद केली, मेलेली जनावरे खाऊन तिथली मोठी गिधाडे शिशाच्या विषाने मरत होती म्हणून. म्हणजे हे आकडे दगडावर कोरलेले नाहीत. लोक बसतात, मोजतात, बदलतात. आपण मोजायलाच बसलो नाही, एवढेच माझे म्हणणे.

बागेतल्या आमच्या सकाळच्या मंडळाला मी हे सांगितले तेव्हा एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "बाई, तुम्ही मारायला शिकवताय." मी म्हटले, मारण्याची परवानगी सरकारने केव्हाच दिली आहे, मी फक्त तिच्यात एक ओळ घाला म्हणते आहे. ती पुढे म्हणाली, "असे नियम केले की मारणे सभ्य होऊन बसते, मग ते वाढते." या आक्षेपात दम आहे, मी तो झटकून टाकणार नाही. शस्त्र जितके चांगले तितका हात शिवशिवतो, हे खरेच आहे. पण मग सरळ परवानगी बंद करा, आणि शेतकऱ्याला लोळलेल्या भाताचे पूर्ण पैसे महिन्याभरात द्या. माझी त्याला हरकत नाही, आनंदच आहे. परवानगी चालू ठेवायची, भरपाई रेंगाळत ठेवायची, आणि जनावराला पोटात छर्रे घेऊन व्हाळाकाठी मरू द्यायचे, हा मधला मार्ग मला पटत नाही. त्याला अहिंसा म्हणणे तर मुळीच पटत नाही.

दुसरा आक्षेप माझ्या भाच्याचाच. "आत्या, नियम केल्यान, पण बघतलो कोण?" हे जास्त अवघड आहे. रात्री दोन वाजता मळ्यात कुणी छर्रे भरले की गोळी, हे वनरक्षक कसे बघणार? माझे मत असे, की बंदूक प्रत्येकाच्या हातात कशाला हवी? तालुक्याला चार-सहा नेमबाज तयार करावेत, गावातलेच, ज्यांना ते रान पावलापावलाने ठाऊक आहे. त्यांची लक्ष्यावर परीक्षा घ्यावी. पन्नास पावलांवर ताटलीएवढ्या वर्तुळात पाचपैकी पाच गोळ्या बसल्या तरच परवानगी. आटे असलेली रायफल द्यावी, आणि ती देता येत नसेल तर १२ बोअरला एकाच गोळीचे काडतूस, किमान वजन छापून. आणि जखमी जनावराच्या मागे रक्ताच्या थेंबांवरून जाणे हे त्यांच्या कामातच धरावे. ते सापडेपर्यंत काम संपले असे मानू नये. मामा जायचे. एकदा दुसऱ्या दिवशी दुपारी परतले होते, पाय काट्यांनी फाटलेले, आणि जेवायला बसले नाहीत.

त्यातून काडतुसांसाठी आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. आमच्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर खडकीचा दारूगोळा कारखाना आहे, १८६९ पासूनचा. तिथली "शक्तिमान" छापाची १२ बोअरची काडतुसे परवानेवाल्यांना चांगली माहीत आहेत. २०२१ पासून तो ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीखाली आला, तिचे मुख्य कार्यालयही पुण्यातच. ठासणीच्या जुन्या बंदुकांचे मात्र काय करायचे, हा प्रश्न उरतो. कित्येक नळ्या पणजोबांच्या वेळच्या आहेत, आतून गंजलेल्या. त्यांत जड गोळी आणि जास्त दारू भरली तर नळी फुटून भरणाराच जायचा. म्हणून "गोळी जड करा" असा नुसता हुकूम काढणे धोक्याचे. आधी नळ्या तपासा. मामांची बंदूक तपासली तर बहुधा भिंतीवर टांगण्यालायकच ठरेल. भाच्याला त्याचे वाईट वाटणार नाही, पोलीस ठाण्याच्या खेपा वाचतील.

हे सगळे मी वनखात्याला पाठवण्यासाठी एका पत्रात लिहिले आहे, दीड पानात. निबंध तपासून तपासून एवढे तर जमतेच. भाचा गावातल्या लोकांच्या सह्या घेणार आहे. पत्राचा मसुदा त्याला फोनवर वाचून दाखवला, त्याने शांतपणे ऐकला आणि म्हणाला, "आत्या, गोळयेचा वजन लिव, पण ती गोळी गावतली खंय, कितक्याक, तां पण लिव."

तेही आता लिहिले आहे. पत्र दोन पानांचे झाले.